'आय लाइक व्हेरी मच इट' ही चूक कुठून येते आणि कशी सुटते

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. मुलांचे शब्द पाठ आहेत, काळ ओळखता येतात, क्रियापद, सर्वनाम, क्रियाविशेषण यांच्या व्याख्याही घडाघडा म्हणतात. पण बोलायला उभी राहिली की 'आय लाइक व्हेरी मच इट', 'प्लीज स्विच ऑफ इट', 'ही ऑलवेज इज लेट' अशी वाक्यं येतात. नियम पुन्हा पुन्हा सांगून काही फरक पडत नाही. मग सुरुवात कुठून करायची?

बाई, सुरुवात याच तीन वाक्यांपासून करा. पहिली दोन वेगवेगळी दिसत असली तरी त्यांचं मूळ एकच आहे आणि ते मराठीत आहे. तिसऱ्याचं मूळ वेगळं, ते आपणच दिलेल्या नियमात आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी फळ्यावर एक साधं मराठी वाक्य लिहा: 'तो काल स्टँडवर मला भेटला.' आता मुलांना सांगा, कर्ता 'तो' जागेवर राहू दे, बाकीचं शेवटून उलटं वाचा. तो, भेटला, मला, स्टँडवर, काल. हेच इंग्रजीत म्हणा: 'ही मेट मी ॲट द स्टँड येस्टरडे.' जसंच्या तसं बसतं. एवढंच काय, 'स्टँडवर'मधला 'वर'सुद्धा उलटून पुढे आला आणि 'ॲट द स्टँड' झाला. दुसरं घ्या, 'आई रोज बाजारात भाजी विकते.' आई, विकते, भाजी, बाजारात, रोज. 'मदर सेल्स व्हेजिटेबल्स इन द मार्केट एव्हरी डे.' हेही तंतोतंत. मुलांना हे फार आवडतं. इंग्रजीची भीती निम्मी इथंच जाते, कारण परकी वाटणारी रचना आपल्याच वाक्याची उलट बाजू आहे हे डोळ्यांना दिसतं. वेळ आधी की ठिकाण आधी हा नियम वेगळा शिकवावाच लागत नाही. मराठीत वेळ आधी येते, म्हणून इंग्रजीत ती शेवटी जाते.

आता हीच युक्ती 'रवी इंग्रजी चांगलं बोलतो' या वाक्यावर चालवा. रवी, बोलतो, चांगलं, इंग्रजी: 'रवी स्पीक्स वेल इंग्लिश.' चुकलं. 'मला ते खूप आवडतं' घ्या. आवडतं, खूप, ते: 'आय लाइक व्हेरी मच इट.' तुमच्या मुलांचं वाक्य अगदी तेच. 'ते बंद कर' घ्या. कर, बंद, ते: 'स्विच ऑफ इट.' तेही तेच.

म्हणजे मुलं निष्काळजीपणानं बोलत नाहीत. ती मराठी वाक्य प्रामाणिकपणे उलटवतात आणि बहुतेक ठिकाणी बरोबर येतात. चुकतात ती एकाच जागी. मराठीत क्रियापदाला अगदी खेटून कोण बसतं ते पाहा: 'चांगलं बोलतो', 'खूप आवडतं', 'बंद कर', 'परत दे', 'खाली ठेव'. क्रिया कशी झाली, कुठल्या दिशेला झाली हे सांगणारा शब्द आपल्याकडे क्रियापदाच्या लगेच आधी येतो आणि कर्म त्याच्या पलीकडे राहतं. इंग्रजीत ती जागा कर्माची आहे. क्रियापद झालं की पाठोपाठ कर्म, मग 'वेल', 'व्हेरी मच', 'ऑफ', 'बॅक', 'डाऊन'. म्हणून उलटं वाचून झाल्यावर एकच गोष्ट करायची. कर्म उचलून क्रियापदाला लावायचं. 'स्पीक्स इंग्लिश वेल.' 'लाइक इट व्हेरी मच.' 'स्विच इट ऑफ.' 'गिव्ह इट बॅक.' 'पुट इट डाऊन.'

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर इथली बरीच मराठी मुलं गल्लीत, बाजारात कन्नड बोलतात, आणि कन्नडची रचनाही याच बाबतीत मराठीसारखीच आहे. 'अव इंग्लिष चलो माताडतान' यात 'चलो' हा शब्द 'माताडतान'च्या लगेच आधी आहे, आपल्या 'चांगलं बोलतो'सारखाच. दोन भाषा येणाऱ्या मुलाला दोन्ही एकच सवय लावतात. त्यामुळे ती सवय इथं जास्त घट्ट असते आणि एकदा नियम सांगून सुटत नाही. हे लक्षात घेतलं तर मुलांवर चिडायचं कारण राहत नाही.

या नियमाला दोन मर्यादा आहेत. पहिली लहान आहे. कर्म फार लांबलचक असेल तर क्रियाविशेषण त्याच्या आधी येऊ शकतं, जसं 'शी एक्स्प्लेन्ड व्हेरी क्लिअरली व्हाय द बस वॉज लेट'. दहावीच्या मुलाला हे आत्ता सांगू नका, वाचताना दिसलं तर सांगा.

दुसरी मर्यादा मोठी आहे आणि तिथंच मुलं, कधी कधी शिक्षकही, अडखळतात. 'स्विच इट ऑफ' शिकवलं की पुढच्या आठवड्यात कोणीतरी 'लुक इट ॲट' आणि 'वेट मी फॉर' म्हणतं. यातला फरक समजावायला मी बस आणि स्वेटर घेतो. 'स्वेटर काढला' म्हणजे 'आय टुक इट ऑफ'. 'बसमधून उतरलो' म्हणजे 'आय गॉट ऑफ इट'. दोन्हीकडे 'ऑफ'च आहे, मग 'इट' एकीकडे आधी आणि दुसरीकडे नंतर का? सर्वनाम काढून तिथं नाम घाला आणि ते सरकवून पाहा. 'आय टुक ऑफ द स्वेटर' चालतं, 'आय टुक द स्वेटर ऑफ' हेही चालतं. 'आय गॉट ऑफ द बस' चालतं, पण 'आय गॉट द बस ऑफ' असं कोणी म्हणत नाही. पहिल्या वाक्यात 'ऑफ' क्रियापदाचा भाग आहे. 'टेक ऑफ' मिळून 'काढणं'. दुसऱ्यात 'ऑफ' बसचा आहे, मराठीत 'बसमधून' यातल्या 'मधून'सारखा. जो शब्द क्रियापदाचा आहे तो सर्वनामाला वाट करून देतो. जो नामाचा आहे तो नामाच्या किंवा सर्वनामाच्या पुढेच राहतो.

दुसरी खूण कानाची आहे. 'टेक इट ऑफ', 'स्विच इट ऑफ', 'पिक इट अप' मोठ्यानं म्हणा, जोर शेवटच्या शब्दावर पडतो आणि 'इट' जवळपास गिळलं जातं. 'लुक ॲट इट', 'वेट फॉर मी', 'लिसन टु मी' म्हणा, जोर 'लुक', 'वेट', 'लिसन'वर पडतो. इंग्रजी वाक्याच्या शेवटाला नवी, वजनदार माहिती लागते. 'इट' म्हणजे आधीच बोलून झालेली वस्तू, तिच्यात नवं काही नाही. म्हणून नाम असेल तर 'स्विच ऑफ द फॅन' आणि 'स्विच द फॅन ऑफ' दोन्ही चालतं, सर्वनाम असेल तर एकच मार्ग उरतो. मुलांना हे कारण सांगायलाच हवं असं नाही, पण वाक्यं मोठ्यानं म्हणवून घेतलीच पाहिजेत. कानाला लागलेली चाल डोक्यातल्या नियमाआधी आठवते.

'लुक' हे क्रियापद एक पूर्ण तास खाऊ शकतं, आणि खाऊ द्यावं. 'लुक ॲट इट' म्हणजे त्याच्याकडे बघ, 'लुक फॉर इट' म्हणजे ते शोध, 'लुक आफ्टर हर' म्हणजे तिची काळजी घे. तिन्हीकडे सर्वनाम शेवटी. पण शब्दकोशात अर्थ बघ म्हणजे 'लुक इट अप', इथं मात्र सर्वनाम मध्ये.

आता सर्वनामांच्या रूपांकडे वळू. साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्ती होत्या. पुढे त्या झिजत गेल्या आणि कर्ता कोण, कर्म कोण हे सांगायचं काम शब्दाच्या जागेकडे आलं. मराठीत 'रामाने रावणाला मारलं' आणि 'रावणाला रामाने मारलं' यात मरतो रावणच, कारण 'ने' आणि 'ला' आहेत. इंग्रजीत नावांची जागा बदलली तर मरणारा बदलतो. विभक्ती टिकली ती सर्वनामांत: 'आय-मी', 'ही-हिम', 'शी-हर', 'वी-अस', 'दे-देम'. 'यू' आणि 'इट' मात्र तशीच राहतात.

गोंधळ होतो तो आपल्या 'मला'मुळे. 'त्याने मला पाहिलं' मधला 'मला' म्हणजे इंग्रजीतला 'मी', 'ही सॉ मी'. 'त्याने मला ते समजावलं' मधला 'मला' म्हणजे 'टु मी', 'ही एक्स्प्लेन्ड इट टु मी'. आणि 'मला आवडतं', 'मला माहीत आहे', 'मला भूक लागली', 'मला जायचंय' या सगळ्यांत 'मला' म्हणजे चक्क कर्ता, 'आय'. कन्नडमध्येही 'ननग गोत्तैती' असंच आहे, शब्दशः 'मला माहीत आहे'. म्हणून 'इट लाइक्स मी'सारखी वाक्यं येतात. यावर एकच उपाय करून घ्या. 'मला'नं सुरू होणारी रोजची वाक्यं मुलांकडूनच गोळा करा, प्रत्येकापुढे 'हे कोणाच्या मनात किंवा पोटात घडतंय?' असं विचारा. ज्याच्या आत घडतंय तो इंग्रजीत कर्ता. त्यासोबत 'टेल मी' आणि 'से टु मी', 'एक्स्प्लेन टु मी' ही जोडी पाठच करून घ्यावी लागते. तिथं तर्क चालत नाही.

क्रियापदाच्या रूपासाठी मात्र कन्नड मोठी मदत करते, आणि आपल्याकडचे शिक्षक ती मदत क्वचितच घेतात. मराठीत 'मुलीने भाकरी खाल्ली', 'मुलीने आंबा खाल्ला'. क्रियापद भाकरी-आंब्याकडे बघून बदललं. कन्नडमध्ये 'हुडुग रोट्टी तिंद', 'हुडुगी रोट्टी तिंदळु'. क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं. इंग्रजीही खाणाऱ्याकडेच बघते, 'आय ईट', 'शी ईट्स'. भाषेवरून आपल्या भागात जे काही चालतं ते शाळेच्या दाराबाहेर ठेवा. मुलाला दोन भाषा येत असतील तर दोन्हींना कामाला लावणं हे त्याच्या हिताचं आहे, आणि ते करताना मराठीचं काडीचंही नुकसान होत नाही.

मराठी मूल सर्वनाम गाळतं, हेही इथंच बोलायला हवं. 'फॉर्म आणलास का?' 'आणला.' वाक्य पूर्ण झालं. इंग्रजीत 'येस, आय ब्रॉट' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. 'आय ब्रॉट इट.' तसंच 'सिनेमा आवडला का?' याचं उत्तर 'येस, आय लाइक्ड इट'. आणि 'पाऊस पडतोय' याला 'इट इज रेनिंग' म्हणताना ते 'इट' कोण, असं मुलं हमखास विचारतात. सांगा की कोणी नाही, पण इंग्रजी वाक्याची पहिली जागा रिकामी राहत नाही.

आता 'ही ऑलवेज इज लेट'. 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी, असं आपणच पाठ करून घेतो आणि मूल ते इमानदारीनं पाळतं. नियम अर्धाच सांगितलेला असतो. पूर्ण असा. 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ऑफन', 'युज्वली', 'ऑलरेडी', 'स्टिल', 'जस्ट', 'ऑल्सो', 'रिअली' असे शब्द कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये बसतात, 'ही ऑलवेज कम्स लेट'. सहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या सहाय्यकानंतर, 'ही हॅज ऑलरेडी गॉन', 'आय कॅन नेव्हर फाइंड इट'. आणि 'ॲम', 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' ही मुख्य क्रियापद असली तरी सहाय्यकासारखीच वागतात, म्हणून 'ही इज ऑलवेज लेट'. जोर देताना 'ही ऑलवेज इज' असंही बोलतात, पण मुलांसाठी 'इज'नंतर हाच पक्का रस्ता. एवढं ध्यानात ठेवायला मी असं सांगतो: क्रियापदाच्या डावीकडे क्रियाविशेषणाला जागा आहे, उजवीकडे कर्म बसेपर्यंत नाही. 'आय रिअली लाइक इट' आणि 'आय लाइक इट व्हेरी मच' ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली की दोन्ही बाजू दिसतात.

याच डाव्या बाजूला अर्थही बदलतो, ते उदाहरण वर्गात जरूर घ्या. 'आय डोन्ट रिअली नो हिम' म्हणजे त्याची-माझी तशी फारशी ओळख नाही. 'आय रिअली डोन्ट नो हिम' म्हणजे मी त्याला खरंच ओळखत नाही. तसंच 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे तितकंसं आवडत नाही, 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे मुळीच आवडत नाही. 'रिअली' नकाराच्या नंतर आला की नकार त्याच्यावरच पडतो, 'खरंच'चा जोरच निघून जातो. आधी आला की तो नकारालाच बळ देतो. मराठीत 'नाही' शेवटी असल्यामुळे हे काम आपण जागेवर सोडत नाही, 'फारशी', 'तितकंसं', 'मुळीच' असे वेगवेगळे शब्द घेतो. म्हणून मुलांना वाटतं दोन्ही वाक्यं एकच. मुलाखतीत 'डू यू नो दिस मशीन?' असं विचारल्यावर यातलं कुठलं वाक्य तोंडून गेलं, यावर समोरच्याचं मत बदलू शकतं. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी शोधणाऱ्या मुलांकडून मी हे घोटून घेतो, आणि सोबत 'आय स्विच्ड इट ऑफ, सर', 'आय चेक्ड इट ट्वाइस', 'आय विल कॉल हिम बॅक' हीसुद्धा.

'ओन्ली'बद्दल थोडं. 'आय ॲम फ्रॉम बेळगाव ओन्ली', 'आय विल डू इट टुडे इटसेल्फ' ही आपल्या 'च'ची रूपं आहेत. 'मी बेळगावचाच', 'आजच करतो'. भारतात सगळीकडे कळतात आणि मी बोलताना ती अडवत नाही. परदेशी ग्राहकाशी बोलायचं असेल किंवा पेपर लिहायचा असेल तर 'च' काढून टाकावा, कारण तिथं 'ओन्ली' म्हणजे फक्त 'फक्त'.

आणखी एक रचना मुलांना लवकर द्यावी, कारण ती रोज बस स्टँडवर वापरता येते. 'हिअर कम्स द बस', पण 'हिअर इट कम्स'. 'देअर गोज द बस', पण 'देअर इट गोज'. नाम असेल तर ते क्रियापदानंतर, सर्वनाम असेल तर आधी. कारण तेच जे 'स्विच इट ऑफ'मध्ये होतं. वाक्याच्या शेवटी वजनदार शब्द हवा, 'इट' तिथं टिकत नाही. 'नेव्हर हॅव आय सीन' वगैरे उलटी रचना मात्र लेखी आणि भाषणी आहे, ती दहावीनंतर शिकली तरी चालेल.

हे वर्गात कसं करायचं? तासाच्या सुरुवातीची थोडी मिनिटं फक्त हातानं करायच्या सूचना द्या, फळा-वही बंद. 'पिक अप द डस्टर.' मुलगी उचलते. पुढच्या मुलाला तीच सूचना 'डस्टर' न म्हणता द्यायची, 'पिक इट अप.' मग 'पुट इट डाऊन.' 'गिव्ह इट टु हर.' 'गिव्ह इट बॅक.' मुलं तरबेज झाली की शेवटी एक क्रियाविशेषण लावा: 'पुट इट डाऊन क्वाएटली', 'गिव्ह इट टु हर नाऊ'. शेवटी ज्यानं केलं त्यानंच सांगायचं: 'आय पिक्ड इट अप अँड गेव्ह इट टु हर.' हात चालू असताना तोंडातून आलेलं वाक्य पक्कं बसतं. क्रियापद, सर्वनाम अशी नावं तोवर घेऊ नका. ती मुलांना आधीच पाठ आहेत, अडचण तिथं नव्हतीच.

चूक झाली तर वाक्य मध्येच तोडू नका. 'मिस, आय स्विच्ड ऑफ इट' असं आलं तर 'यू स्विच्ड इट ऑफ? गुड' एवढंच म्हणा आणि पुढे जा. बरोबर रूप त्याच क्षणी कानावर पडतं आणि बोलणाऱ्याचा धीर खचत नाही. लाल शाई लेखी पेपरासाठी ठेवा, तीही या एका चुकीसाठी एकदाच.

पहिल्या पंधरवड्याला एवढी क्रियापदं पुरेत: पिक अप, पुट डाऊन, पुट ऑन, टेक ऑफ, स्विच ऑन, स्विच ऑफ, गिव्ह बॅक, कॉल बॅक, वेक अप, राइट डाऊन, थ्रो अवे आणि फिल इन. शेवटचं मुद्दाम घेतलंय, कारण तालुका कचेरीत किंवा बँकेत आई-वडिलांसोबत जाणारं मूल बऱ्याचदा घरातलं एकटंच इंग्रजी वाचणारं असतं. फॉर्म हातात आला की त्याला 'आय विल फिल इट इन' म्हणता आलं पाहिजे.